सोमवारपर्यंत

मस्कतमधल्या त्या भारतीय शाळेत मुलं अडीच-तीन हजार आणि समुपदेशक एकच, माधवी नेरूरकर. पूर्वी दोघी होत्या. दुसरी कॅनडाला गेली आणि तिची जागा भरायची राहून गेली. पुढे कोणी तो विषयही काढेना, कारण माधवीचं एकटीचं चाललं होतं.

चाललं होतं म्हणजे सकाळी बस ड्यूटी, मग जो शिक्षक आजारी असेल त्याच्या वर्गावर बदली तास, मधल्या सुट्टीत कँटीनपाशी उभं राहणं आणि परीक्षा आल्या की पर्यवेक्षण. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना बोर्डाकडून जादा वेळ मिळावा म्हणून अहवाल तिनेच लिहायचे, आणि ज्या मुलांना काहीच झालेलं नाही त्यांच्या पालकांना तो वेळ का मिळणार नाही हेही तिनेच समजवायचं. दर फेब्रुवारीत ती असेंब्लीत परीक्षेच्या ताणावर बोलायची. त्यानंतर एखादं मूल खरंच तिला शोधत यायचं. पण तेव्हा तिच्या खोलीला कुलूप असायचं आणि ती कुठल्यातरी सहावीच्या वर्गात गोंगाट आवरत असायची. काही मुलं एकदा येऊन परत जात आणि पुन्हा येत नसत. ती कोण होती हे तिला कधी कळत नसे, आणि घरी जाताना गाडीत नेमकं तेच डोक्यात फिरत राही.

एक काम कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं, तरी ते तिचंच होतं. कुणाची आई किंवा वडील गेले की मुलाला वर्गातून बोलावून ते सांगायचं. आखातात ही वेळ वरचेवर येते. चाळिशीतली माणसं, उन्हातलं काम, कुटुंबापासून लांब एकट्याने काढलेले आठवडे, वाळवंटातले सरळसोट रस्ते. कोविड ओसरत असताना एका मुलाला सांगायचं होतं आणि प्राचार्या अल्फिया मॅडमना धीर होईना, म्हणून माधवीने सांगितलं. तेव्हापासून सगळे तिलाच बोलवायला लागले.

करून करून ती शिकली होती. 'देवाघरी गेले', 'आता ते आपल्यात नाहीत' असली वाक्यं वापरायची नाहीत. 'वारले' म्हणायचं, आणि मुलाला तो शब्द कळला नाही तर 'डाइड' म्हणायचं. मग गप्प बसायचं. मूल जे विचारेल त्याचं खरं उत्तर द्यायचं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. थोड्याच दिवसांत ते कुटुंब शवपेटीबरोबर भारतात निघून जायचं. मागाहून शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी ईमेल यायचा. पुढे त्या मुलांचं काय झालं, हे माधवीपर्यंत कधी पोचत नसे.

त्या वर्षी मार्चमध्ये रमजान होता. गुरुवारी बारावीचा फिजिक्सचा पेपर चालू असताना उपप्राचार्य कृष्णकांत सर वरांड्यात आले आणि त्यांनी माधवीला खुणेने बोलावलं. त्यांचा चेहरा बघूनच तिला कळलं की कोणीतरी गेलंय. फक्त कोणाचं, हे विचारायचं बाकी होतं.

बारावीतल्या श्वेता गमरेचे वडील गेले होते. प्रफुल्ल गमरे मस्कतपासून दोन-अडीच तासांवरच्या सूर शहरात एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होते. आठवडाभर तिकडे राहायचे आणि गुरुवारी संध्याकाळी मस्कतमधल्या अल हैलला घरी यायचे. त्या पहाटे ते कंपनीच्या क्वार्टरमध्ये कोसळले आणि इस्पितळात नेईपर्यंत संपले होते. श्वेताला पेपरला सोडून तिची आई प्रमिला घरी पोचली, तेव्हा तिला फोन आला. शेजाऱ्यांच्या गाडीतून ती तशीच सूरकडे निघाली होती.

प्राचार्यांच्या खोलीत प्रफुल्लचा चुलत भाऊ जितेश बसला होता. मस्कतच्या गाला भागातल्या एका गॅरेजात तो सुपरवायझर होता आणि कंपनीचा निळा शर्ट घालूनच आला होता. डोळे लाल होते, पण बोलणं ठरवून आलेल्या माणसाचं होतं. श्वेताला आत्ता काही सांगायचं नाही, असा वहिनींचा निरोप होता. सोमवारी गणिताचा पेपर. इंजिनिअरिंगला जायचं तर गणित महत्त्वाचं. शुक्रवार-शनिवार सगळी ऑफिसं बंद, म्हणजे पोलिसांचा कागद, दूतावासाचा कागद हे सगळं होऊन बॉडी निघायला सोमवार उजाडणारच. मग पोरीचा पेपर का घालवायचा?

माधवी म्हणाली की हे बरोबर नाही. मुलगी सतरा वर्षांची आहे, तिला सांगायला हवं. पेपर द्यायचा की नाही, ते तिला ठरवू दे.

"मॅडम, आमच्या घरात पेपर चुकवत नाहीत," जितेश म्हणाला. "प्रफुल्लदादा आमच्या वाडीतला पहिला इंजिनिअर. डिप्लोमाला असताना त्याचे वडील गेले. त्यांना पोचवून दुसऱ्या दिवशी दादा रत्नागिरीला जाऊन पेपर देऊन आला. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं ते आम्ही असं धरलंय."

"पण त्यांना माहीत होतं," माधवी म्हणाली. "वडील गेलेत हे माहीत असताना त्यांनी तो पेपर दिला."

अल्फिया मॅडमनी टेबलावरची पेनं सरळ केली. कृष्णकांत सर म्हणाले की कुटुंबाची इच्छा असेल तर शाळेने मध्ये येऊ नये. मग जितेशने फोन लावला आणि माधवीच्या हातात दिला.

प्रमिला चालत्या गाडीतून बोलत होती. आवाज बसला होता. ती रडत नव्हती, विनवत होती. म्हणाली, की ह्यांनी पोरीच्या गणितासाठी दर शुक्रवार घातलाय, मला एवढं करू द्या. घरी तिला नेता येणार नाही, घरी आता सगळा समाज जमेल. जितूभाऊजी कागदपत्रांच्या मागे पळणार आणि त्यांची बायको तर गावाला आहे. "चार दिवस तुम्ही सांभाळा तिला. ती तुम्हाला मानते."

ती तुम्हाला मानते, हे खरं होतं. अकरावीत श्वेताला परीक्षेच्या आधी श्वास लागायचा, तेव्हा ती माधवीकडे यायची. त्या कुलूप लागणाऱ्या खोलीत जी थोडी मुलं नेमाने येत, त्यांतली ती एक. माधवीला अजून काही बोलता आलं असतं. पण बाहेर पेपर संपत आला होता, एक बाई नवऱ्याचं प्रेत बघायला निघाली होती, आणि खोलीतले बाकीचे सगळे तिच्याकडे बघत होते. ती हो म्हणाली.

श्वेता पेपर देऊन बाहेर आली तेव्हा माधवीने तिला खोलीत नेलं. आजवर या खोलीत ती कुणाशी खोटं बोलली नव्हती. पपांना हार्ट अटॅक आलाय, ती म्हणाली. सूरच्या इस्पितळात आयसीयूमध्ये आहेत. आई तिकडे गेली आहे. तू माझ्याकडे राहा.

श्वेताने हातातली पेनांची पारदर्शक पिशवी मांडीवर ठेवली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. गणिताबरोबर तिने बायोलॉजीही घेतलं होतं. कुठल्या आर्टरीत ब्लॉक आहे? स्टेंट घातला का? व्हेंटिलेटर आहे का? माधवीला वाटलं होतं की ती रडेल आणि मग तिला जवळ घेता येईल. इथे तर उत्तरं द्यावी लागत होती. तिने दिली. स्टेंट घातलाय, झोपेचं औषध दिलंय, भेटायला कुणाला सोडत नाहीत.

माधवी अल खूदला राहायची. तिचा नवरा अनुप आतल्या वाळवंटात तेलविहिरींवर ड्यूटीला होता, पुढच्या आठवड्यात येणार होता. घर रिकामंच होतं. परीक्षेपुरता श्वेताचा फोन प्रमिलाने काढून घेतलेला होता, त्यामुळे तोही प्रश्न नव्हता. सगळं इतकं सोयीचं जुळून आलं की माधवीला त्याचीच भीती वाटली.

शुक्रवारी सकाळपासून श्वेता जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवत बसली. तास-दीड तासाने मान वर करून विचारायची, "मॅम, काही फोन?" माधवी आत जाऊन यायची आणि काहीतरी सांगायची. पहिल्या दिवशी तिला शब्द शोधावे लागले. दुसऱ्या दिवशी लागले नाहीत. बीपी आता एकशेदहा आहे. ऑक्सिजन ठीक आहे. डॉक्टर इन्शाल्ला म्हणाले. ती आकडे सांगायची आणि श्वेताचे खांदे जरा खाली यायचे. मग ती पुन्हा वहीत डोकं घालायची.

प्रमिलाचे फोन यायचे तेव्हा माधवी फोन श्वेताला देऊन जवळ उभी राहायची. आई रडली तर मुलीला त्यात वेगळं काही वाटत नव्हतं. बाबा आयसीयूत असताना आई रडणारच. उलट श्वेताच तिला समजावायची. "आई, तू खाल्लंस का? खा. पपा उठल्यावर तुलाच रागावतील."

शुक्रवारी संध्याकाळी, इफ्तारच्या सुमारास रस्ते सामसूम झाले होते, तेव्हा श्वेता स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने माधवीचा फोन मागितला. बेशुद्ध माणसालाही ऐकू येतं असं तिने वाचलं होतं. तिला बाबांसाठी आवाज रेकॉर्ड करायचा होता, आईने तो त्यांच्या कानाशी लावावा म्हणून. माधवीला नाही म्हणायचं काही कारण सापडलं नाही.

श्वेताचं मराठी अडखळत यायचं. मैत्रिणींत इंग्लिश, शाळेत इंग्लिश. पण बाबांशी मराठीतच बोलायचं असा त्यांचा घरात नियम होता. म्हणून तिने आधी मनाशी वाक्यं जुळवली, मग बटण दाबलं. माधवी तिथेच गॅससमोर उभी होती.

"पपा, मी श्वेता. फिजिक्स चांगला गेला. थोडा लेंग्दी होता, पण सगळं अटेम्प्ट केलं. तुम्ही झोपा. घाई करू नका. सोमवारी मॅथ्स झाला की मी येते. तोपर्यंत थांबा."

फोन परत देताना तिने विचारलं, थांबा हा शब्द बरोबर आहे ना, की वेट कराला दुसरा काही शब्द आहे? माधवी म्हणाली, बरोबर आहे.

तिने ते रेकॉर्डिंग प्रमिलाला पाठवलं. न पाठवता पाठवलं म्हणून सांगणं तिच्याच्याने होईना. शनिवारी सकाळी शव मस्कतला हलवायच्या आधी प्रमिलाला शवागारात नेलं. दुपारी तिचा एका शब्दाचा निरोप आला. ऐकवलं.

त्या संध्याकाळपासून प्रमिला अल हैलला स्वतःच्या घरी होती. मुलीपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर. हॉल माणसांनी भरलेला, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीशेजारी प्रफुल्लचा फोटो ठेवलेला. श्वेताला फोन करायचा झाला की ती बाथरूममध्ये जाऊन दार लावून घ्यायची आणि सूरहून बोलते आहे असं सांगायची.

रविवारी शाळा होती. माधवीने श्वेताला घरात ठेवलं आणि कामावर गेली. श्वेता सोडून सगळ्या बारावीला कळलं होतं. कृष्णकांत सरांना धास्ती की सोमवारी परीक्षेला आल्यावर कोणीतरी तिला बोलून जाईल. त्यांनी त्या वर्गाची ऑनलाइन सभा बोलावली आणि मुलांशी माधवीने बोलावं असं ठरवलं. मुलं तिचं ऐकतात, असं ते म्हणाले.

पडद्यावर चाळीसेक चेहरे आले. अर्धी मुलं पलंगावर पुस्तकं पसरून बसली होती. माधवीने त्यांना सांगितलं की श्वेताच्या बाबांची तब्येत गंभीर आहे असंच सगळ्यांनी वागायचं. तिला मिठ्या मारायच्या नाहीत, सॉरी म्हणायचं नाही, तिच्यासमोर रडायचं नाही. तिच्यासाठी एवढं करा, असं ती म्हणाली. बोलताना तिचा आवाज नेहमीसारखा शांत होता. असेंब्लीत असायचा तसाच.

नसीबा नावाच्या मुलीने हात वर केला. ती श्वेताची सगळ्यात जवळची मैत्रीण.

"मॅम, माझ्या घरी असं काही झालं तर तुम्ही माझ्याशीही असंच करणार का?"

माधवीने तोंड उघडलं. कृष्णकांत सरांनी घाईने सगळ्यांचे आवाज बंद केले, मुलांना शुभेच्छा दिल्या आणि सभा संपवली.

सोमवारी श्वेता पेपरला बसली. हॉलबाहेर मुलं तिच्या बाजूने जाताना बुटांकडे बघत होती. नसीबा लांब, नळाशी उभी राहिली आणि घंटा होईपर्यंत तिकडून हलली नाही. त्या दिवशी माधवीला सातवीच्या दोन तासांना जायचं होतं. मुलांना चित्रं काढायला सांगून ती घड्याळाकडे बघत बसली. एक मुलगी तिच्या टेबलापाशी येऊन काहीतरी सांगू लागली. ते तिला ऐकूच आलं नाही. ती फक्त हं म्हणाली, आणि मुलगी जागेवर जाऊन बसली.

पेपर सुटला. श्वेता जवळजवळ धावतच आली. पेपर छान गेला होता. इंटिग्रेशनचा एक अवघड प्रश्न बाबांनी शिकवलेल्या रीतीने सुटला होता. ते तिला त्यांना सांगायचं होतं. जितूकाका आलाय का, आता लगेच सूरला निघायचं का, असं ती एका दमात विचारत होती. माधवीने तिला खोलीत नेलं, बसवलं आणि स्वतः समोर बसली.

"श्वेता, तुझे पपा वारले."

श्वेता तिच्याकडे बघत राहिली. "आत्ता?"

"नाही. गुरुवारी. सकाळी. तुझा फिजिक्सचा पेपर सुरू व्हायच्या आधी."

बाहेर बसेस लागत होत्या. श्वेताने विचारलं, "शुक्रवारी तुम्ही बीपी एकशेदहा सांगितलं."

"हो."

"ते कुणाचं होतं?"

"कुणाचंच नाही. मी मनाने सांगितलं."

श्वेताने मान हलवली, वर्गात एखादी पायरी समजल्यावर हलवतात तशी. मग म्हणाली, म्हणजे ते रेकॉर्डिंग तुम्ही पाठवलं नसणार. माधवी म्हणाली, पाठवलं. आईने ऐकवलं.

"कुणाला?" श्वेताने विचारलं.

माधवीने हात पुढे केला. श्वेताने खुर्ची मागे सरकवली. नसीबाला माहीत होतं का, एवढंच तिने विचारलं, आणि हो ऐकल्यावर उठली. आपली पारदर्शक पिशवी घेऊन ती खाली गेली आणि जितेशच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. ती रडली नाही. माधवी अल हैलपर्यंत त्यांच्या मागोमाग आपली गाडी घेऊन गेली. घरी त्रिशरण म्हणून झालं होतं, बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रमिला दारापर्यंत धावली आणि तिने मुलीला कवटाळलं. श्वेताचे हात बाजूला तसेच लोंबत राहिले. आईच्या खांद्यावरून ती आतल्या माणसांकडे एकेक करून बघत होती. इतके दिवस हे सगळे इथे होते.

त्याच रात्रीच्या विमानाने ते गेले. श्वेताचे उरलेले पेपर बुडाले आणि बोर्डाकडे अर्ज करून जुलैमध्ये द्यायचे ठरले.

मेमध्ये निकाल आला. श्वेताला गणितात पंचाण्णव. स्टाफच्या सभेत अल्फिया मॅडमनी तो आकडा वाचून दाखवला आणि माधवीने हा प्रसंग फार संवेदनशीलतेने हाताळला म्हणून तिचं कौतुक केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माधवीच्या शेजारी बसलेल्या बाईंनी तिचा हात दाबला. माधवीला तिथून उठून जावंसं वाटलं, पण ती बसून राहिली.

महिनाअखेरीस प्रमिला घर आवरायला आणि व्हिसा रद्द करायला मस्कतला आली. दाखला न्यायला ती शाळेत आली तेव्हा माधवीच्या खोलीतही आली. खूप वाळली होती. आधी तिने आभार मानले. मग बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

पोरगी कुणावर विश्वास ठेवत नाही, असं ती म्हणाली. गावी प्रफुल्लच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चिपळूणला. म्हातारी बरी आहे म्हणून घरून सांगितलं तर श्वेता भर दुपारी एकटी एसटीत बसून गेली. आजीच्या छातीवर हात ठेवून उभी राहिली. नर्सने हटकलं तरी हलेना. "मी बाजारात गेले आणि फोन उचलला नाही, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोन करते. कोणी बरं आहे म्हटलं की विचारते, खरं सांगा, कधी गेले. मॅडम, मी चुकले का?"

माधवी म्हणाली, "आपण दोघी चुकलो."

प्रमिलाने डोळे पुसले. मग म्हणाली, श्वेता खाली गाडीत बसलीय, वर यायला तयार नाही. तुम्ही बोला तिच्याशी. तुमचं ऐकेल. बोलून झाल्यावर आपण काय म्हणालो ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने नजर वळवली.

माधवी खाली गेली. जितेशची गाडी एसी लावून भिंतीच्या सावलीत उभी होती. श्वेताने काच खाली केली. ती नीट, नम्रपणे बोलली. पुण्याला ॲडमिशन घेणार आहे, कॉम्प्युटरला. जुलैच्या पेपरांचा अभ्यास चालू आहे. माधवीने तिची माफी मागितली. श्वेता म्हणाली, इट्स ओके, मॅम, सगळ्यांनी चांगल्यासाठी केलं.

मग ती समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बोलू लागली. "एक विचारू? तुमच्या घरी शनिवारी तुमचा डोसा तव्याला चिकटला. तुम्ही काहीतरी बोललात आणि मी हसले. खूप हसले. आठवतं?"

"आठवतं."

"तेव्हा पपांना गाडीतून आणत होते. बर्फात." ती अजून सीटच्या पाठीकडेच बघत होती. "आता मी हसायच्या आधी सगळ्यांना फोन करते."

माधवीला येत असलेलं प्रत्येक वाक्य त्या क्षणी तिच्या तोंडाशी आलं. यात तुझा दोष नाही, तुला माहीत नव्हतं, हळूहळू कमी होईल. सगळी खरी वाक्यं होती. पण तिच्या तोंडून आली तर या मुलीला ती बीपीच्या आकड्यासारखीच वाटणार, हे तिला दिसत होतं. ती काहीच बोलली नाही. मस्कतचं ऊन डोक्यावर घेत गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. प्रमिला येईपर्यंत दोघी तशाच होत्या. गाडी निघाली तेव्हा काच पुन्हा वर गेली होती.

दुसऱ्या दिवशी माधवीने अल्फिया मॅडमना सांगितलं की यापुढे ती मुलाला त्याच दिवशी सांगेल, नाहीतर हे काम करणार नाही. मॅडमनी ऐकून घेतलं. कुटुंबाच्या इच्छेबाहेर शाळेला जाता येत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि मग विचार करू म्हणाल्या. सुट्टीनंतर नवं सत्र सुरू झालं तेव्हा ते काम कृष्णकांत सरांकडे गेलं होतं. माधवीच्या वाट्याला त्याऐवजी मूल्यशिक्षणाचे आणखी दोन वर्ग आले.

ऑक्टोबरमध्ये, सहामाहीचा शेवटचा पेपर सुटला त्या बुधवारी, माधवी वह्यांचा गठ्ठा घेऊन वरांड्यातून चालली होती. दहावीच्या मुली हसत-ओरडत हॉलमधून बाहेर पडत होत्या. वरांड्याच्या टोकाला कृष्णकांत सर हात मागे बांधून उभे होते. त्यांनी त्या घोळक्यातून एका मुलीला नावाने हाक मारली. ती मुलगी हसतच त्यांच्याकडे गेली.

माधवीला कोणी बोलावलं नव्हतं. पुढच्या तासाची घंटा झाली होती आणि तिचा वर्ग वरच्या मजल्यावर वाट बघत होता. तिने वह्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या, त्या दोघांच्या मागोमाग सरांच्या खोलीत गेली आणि मुलीशेजारची खुर्ची ओढून बसली. कृष्णकांत सरांनी तिच्याकडे त्रासून पाहिलं, पण ते सुरुवात करून चुकले होते. आयुष्यात कधी कधी आपल्याला खंबीर व्हावं लागतं, असं काहीतरी ते बोलत होते. मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. काही वाक्यांनंतर तिने त्यांच्याकडे बघणं सोडलं आणि माधवीकडे वळली.

"मम्मा?" तिने विचारलं.

माधवीने हो म्हटलं. आई वारली, असं सरळ सांगितलं.

"कधी?"

कृष्णकांत सर खाकरले. माधवीला तो दिवस माहीत नव्हता. तिने सरांकडे पाहिलं आणि ते बोलेपर्यंत नजर काढली नाही.

"संडे," ते शेवटी म्हणाले.

मुलीने हातातल्या प्रश्नपत्रिकेकडे पाहिलं. रविवारनंतर तिने दोन पेपर दिले होते.